करंगळीची पकड

बोटांना वाचा होती त्या काळची ही गोष्ट. गिरजाक्का नावाच्या धनगरणीच्या उजव्या हाताची तर्जनी मोठी तोरेबाज. ती करंगळीला म्हणायची, "तू असलीस काय अन् नसलीस काय! कान खाजवण्यापलीकडे तुझा उपयोग तो काय?" करंगळी बिचारी आपलं काम करत राही.

एकदा जातं उचलताना करंगळी चेंगरली. गिरजाक्काने तिला चिंधीत गुंडाळलं. त्याच दिवशी शेळीचं करडू विहिरीत पडलं. शेजारचा धोंडी खाली उतरला आणि करडू दोर बांधलेल्या टोपलीत बसवून ओरडला, "ओढ गं अक्का!"

तर्जनीने सगळा जोर लावला, पण मुठीच्या खालच्या बाजूने दोर निसटू लागला. टोपली कलंडली, करडू केविलवाणं ओरडलं.

"धाकटे, आम्हाला नाही गं पेलवत!" तर्जनी रडकुंडीला आली.

करंगळी चिंधीसकट वाकली आणि दोराला घट्ट बिलगली. मूठ आवळली, दोर थांबला. करडू वर आलं तेव्हा चिंधी रक्ताने भिजली होती.

तर्जनीला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात करंगळीनेच विचारलं, "ताई, दोराने तुला फार सोललं का गं?"

तर्जनी तळहातात तोंड लपवून बसली.