घासून आणलेले पाय

खाडीच्या काठी, जिथे मिठाचे ढीग लांबूनच पांढरे दिसत, अशा एका गावात फार पूर्वी एक मिठागरवाला राहत होता. त्या गावाची एक रीत होती. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या गुरुवारी चर्चमध्ये बारा माणसांना खुर्च्यांवर बसवायचे आणि फादरांनी गुडघे टेकून त्यांचे पाय धुवायचे, जसे प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे धुतले होते. पण फादरांपुढे मळके पाय न्यायचे कसे? म्हणून चिठ्ठ्या टाकून ज्याचे नाव निघे, तो आठवडाभर घरीच पाय घासायचा, वर खोबरेल चोळायचा. पाय धुण्याच्या परातीतले पाणी दरवर्षी जसेच्या तसे, स्वच्छच बाहेर ओतले जाई.

त्या वर्षी मिठागरवाल्याचे नाव निघाले आणि त्याची झोप उडाली.

त्याच्या पायांना भेगा होत्या आणि भेगांत काळा चिखल होता. पण खरे टोचत होते ते वेगळेच. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या विधवेशी त्याचे भांडण झाले. रागाच्या भरात, ऐन भरतीच्या वेळी त्याने तिच्या शेताचा बांध फोडला. खारे पाणी भातात शिरले. लोक म्हणाले, "खेकड्यांनी पोखरला असेल." तो गप्प राहिला. तिच्या शेतात दाणा पिकला नाही, आणि बांधाला अजून खिंडार होते.

"आधी पाय स्वच्छ होऊ देत, मग बसेन खुर्चीवर," असे मनाशी म्हणत तो विहिरीवर गेला. काथ्याने घासले, दगडाने घासले. घरी येईपर्यंत वाटेतली धूळ लागे, की हा पुन्हा विहिरीवर.

"अहो, कातडं सोलून काढणार आहात का?" बायको म्हणाली.

"अजून काळं दिसतंय."

"मिठागरातले पाय काळेच असणार. लग्नाला निघालेल्या नवरदेवानं तरी इतकं घासलं असेल का!"

तो हसला नाही. काथ्याला रक्त लागले होते.

गुरुवारी संध्याकाळी घंटा वाजली, तेव्हाही तो विहिरीवरच होता. जावे तर भीती, न जावे तर लोक कारण विचारणार. घंटा दुसऱ्यांदा वाजली, तसा तो जवळच्या वाटेने, मिठागरातून पळत सुटला आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतला. चर्चच्या दारात पोचला तो तसाच.

आत अकरा जणांचे पाय धुऊन झाले होते. फादर परात घेऊन रिकाम्या खुर्चीपुढे थांबले होते.

"आलास? बैस."

"फादर, पाय धुऊन येतो. हा आलोच."

"कुठे निघालास? पाणी तर इथे आहे."

"अख्खी खाडीच घेऊन आलाय!" मागून कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

मिठागरवाला दाराकडे वळला. त्याने मागे पाहिले, तर फादर अजून परात धरून थांबले होते. मग फिरला आणि खुर्चीवर बसला.

फादरांनी त्याचा पाय परातीत घेतला. पाणी काळे झाले. आता मात्र त्याला राहवेना. खाली वाकून तो म्हणाला, "फादर, तो बांध खेकड्यांनी नाही पोखरला. मी फोडला."

आवाज हळू होता, पण विधवा पहिल्याच बाकावर बसली होती.

फादरांचे हात थांबले नाहीत. बोटांमधला चिखल त्यांनी काढला, जखमा सांभाळत पाणी ओतले, पाय पुसला आणि इतरांच्या पायांसारखाच त्याच्याही पायाचा मुका घेतला. मग म्हणाले, "दुसरा दे."

मिठागरवाल्याला रडू कोसळले. विधवा उठून पुढे आली.

"माझं अख्खं वर्ष गेलं," ती म्हणाली.

"हो, काकी."

"सोमवारी ओहोटीला फावडं घेऊन ये. बांध घालशील तोवर मी तुझ्याशी भांडणार आहे, पोटभर." ती आपल्या बाकाकडे वळली. "भाकर मात्र घरून आणू नकोस. मी आणेन."

तात्पर्य एवढेच: कृपेसाठी आधी स्वच्छ व्हावे लागत नाही, मळलेले पाय पुढे करण्याचे धैर्य तेवढे लागते.