न पडलेली घरटी

घरटीसुद्धा बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. नवं घरटं विणण्याआधी खाली पडलेल्या घरट्यांचा सल्ला घ्यायचा, अशी त्यांची रीत होती.

तुऱ्या नावाचा तरुण पक्षी पहिल्यांदाच घरटं विणणार होता. त्याची जोडीदारीण मंजुळी अंडी घालायला खोळंबली होती. तो खाली उतरला आणि त्याने विचारलं, "तुम्ही किती टिकलात?"

"पहिली वावटळ आली नि मी गेलं," एक घरटं म्हणालं.

"माझी तर आठवड्यातच गाठ सुटली," दुसरं म्हणालं.

तुऱ्याने चोचीतलं गवत टाकलं आणि तो विहिरीच्या काठावर जाऊन बसला. "कासवआजी, मी नाही विणत जा! आपल्याकडे एकही घरटं टिकत नाही."

विहिरीतली म्हातारी कासवी इतकी हसली की पाणी हिंदकळलं. "अरे वेड्या, पडलेल्यांनाच विचारत सुटलास होय? जी पडली नाहीत, ती तुला जमिनीवर कशी भेटतील? जरा मान वर कर की!"

वर कितीतरी घरटी झुलत होती. काही यंदाची हिरवी, काही गेल्या सालची पिवळी, आणि एक तर उन्हापावसाने पार काळं पडलेलं. तुऱ्या भुर्रकन त्याच्याकडे गेला. "आजोबा, तुम्ही किती टिकलात?"

"मला काय ठाऊक?" झोका घेत ते म्हणालं. "मी अजून टिकतंच आहे!"

तुऱ्या गात गात गवत घेऊन आला. गाठ मात्र त्याने दोनदा मारली. पडलेल्यांचंही ऐकलं होतं ना!