वाड्यावरचं पहिलं विरजण

मोरणगडच्या गादीवर नुकत्याच बसलेल्या उग्रसेन महाराजांनी दवंडी पिटवली, "जे राज्यात मागाहून आले, त्यांनी चालतं व्हावं!" पहिला हुकूम गवळीवाड्यालाच सुटला.

तान्हूबाई गवळण तडक दरबारात आली. "महाराज, इथं नवं बिऱ्हाड आलं की पहिलं विरजण जुन्या घरातून नेतं. तुमच्या पूर्वजांनी गड जिंकला, तेव्हा वाड्यावर विरजण कुणाचं आलं?"

पडद्याआडून आईसाहेब खळखळून हसल्या. "अहो, गवळीवाड्याचंच! म्हणून तर दसऱ्याला ताकाचा मान त्यांचा."

तान्हूबाईने हात जोडले. "मग मागाहून आलेले तुम्हीच की! आमच्या गाड्या जुंपलेल्याच आहेत, महाराज. सिंहासन कोणत्या गाडीत चढवू?"

दरबाराची हसून मुरकुंडी वळली. महाराजांनी दवंडी मागे घेतली आणि हळूच गार ताक मागवलं.