अडीचशेच्या आत

“पण सर, नियम कशासाठी असतो? धोका असेल तिथेच ना?”

शौनक जांभेकरचा आवाज चढला होता. गजबजलेल्या विमानतळाकडे येताना दहा हजार फुटांच्या खाली आलं, की वेग अडीचशे नॉटच्या आत ठेवायचा, हे प्रत्येक वैमानिकाला तोंडपाठ असतं. त्यालाही होतं. पण त्या दिवशी उशीर झालेला, हवा स्वच्छ... पठ्ठ्या तीनशेने खाली आला.

कंपनीने त्याला घरी बसवलं. परवा चौकशी होती, आणि तिथे कॅप्टन उभयकरांच्या शब्दाला वजन होतं.

उभयकरांनीच त्याला उडायला शिकवलं होतं. केस पिकले तरी ते त्याच विमानतळाजवळच्या छोट्या क्लबात अजून नवशिक्यांना घेऊन उडत. मघाशी त्यांनी आपल्या घराच्या दारातच पाठीवर हात ठेवला, तेव्हा शौनकला रडू यायचंच बाकी होतं. आता मात्र तो भांडत होता.

“आभाळ मोकळं होतं, सर! कुणाला साधा ओरखडा नाही.”

“जेवलायस का?”

“सर, मी काय विचारतोय...”

“त्या खुर्चीत बस. डोळे मीट. त्या दिवशी आलास तसा खाली ये.”

वैमानिकांची ही जुनी तालीम. खुर्चीत बसायचं आणि समोर विमान आहे असं समजून हवेतच हात चालवायचे. शौनक यात तरबेज. त्याचे हात सरसर फिरू लागले, ओठ पुटपुटू लागले. सरांनी बघावंच, असं त्याला वाटत होतं.

“डावीकडे बघ,” सर मध्येच म्हणाले.

“एक मिनिट सर, उंची... आता रेडिओ...”

“डावीकडे.”

“अहो सर, बघायला सवड कुठाय...”

हात हवेतच थांबले.

...

“आता अडीचशेने ये,” सर हळू आवाजात म्हणाले.

तो पुन्हा निघाला. या खेपेस हातांना मधूनमधून उसंत मिळाली. त्याने मान डावीकडे वळवली, आणि ती तशीच राहिली.

“कॉकपिटमधल्या पडद्यावर एक ठिपका होता, सर. लहान विमान. लांब होतं, म्हणून मी...”

“बाहेर दिसलं?”

“बाहेर... पाहिलंच नाही.”

बोलून गेला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. आभाळ मोकळं होतं, असं इतके दिवस तो भेटेल त्याला छातीठोकपणे सांगत सुटला होता.

“परवा हेच सांगतो,” तो म्हणाला. “मग नोकरी राहो नाही तर जावो. त्या विमानात कोण होतं कुणास ठाऊक...”

उभयकरांनी पोह्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

“रेडिओवर तुझा आवाज ओळखला रे. मी हात केला होता.”