महाराजांची पुसणीस

"आकडा खाली गेला! परत खाली गेला!" तुरंगसेन महाराज सिंहासनावरून असे ओरडले की झुंबराचे लोलक किणकिणले.

आकडा म्हणजे महाराजांच्या लॅपटॉपच्या वेगाचा. त्या लॅपटॉपच्या पोटात एसएसडी नावाचं कोठार होतं. राज्याचे हुकूम, लावण्या आणि महाराजांच्या मिशांचे असंख्य फोटो त्यातच भरलेले. कोठार माल किती झपाट्याने आत घेतं नि बाहेर काढतं, हे मोजायची चाचणी महाराज घटकेघटकेला घेत. शेजारच्या खड्गराजाचा आकडा मोठा आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून महाराजांना अन्न गोड लागत नव्हतं.

उपाय काय कमी झाले? राजवैद्यांनी लॅपटॉपला चंदनाचा लेप लावला. सेनापतींनी तो घोड्याच्या पाठीला बांधून मैदानभर पळवला, वेगाची सवय व्हावी म्हणून! राजपहिलवान तर तिळाच्या तेलाची वाटी घेऊन मालिशीला बसलाच होता, त्याला चौघांनी ओढून काढला. आकडा मात्र घसरतच होता.

"महाराज, दोष भिवबाचा!" प्रधान म्हणाले. "रोज गादीवर ठेवून लॅपटॉप तोच आणतो. हात जड आहे मेल्याचा!"

"असं? मग दिवस मावळायच्या आत आकडा वर गेला नाही, तर भिवबा राज्याबाहेर!"

भिवबाचा चेहरा पडला. त्याला सकाळीच हळद लागली होती, उद्या लग्न! हळद लागलेल्या नवरदेवाने वेस ओलांडायची नसते. आणि मुलीचा बाप असा तापट, की नवरा वेशीबाहेर गेल्याचं ऐकलं तर मांडवच उपटून टाकायचा.

खांबाआड भिवबाची थोरली बहीण कौतिका दरबाराची फरशी पुसत होती. तिने फडकं बादलीत टाकलं आणि ती पुढे आली.

"महाराज, मी नेते आकडा वर."

"तू? फरशी पुसणारी?"

"होय जी. सिंहासनाखालची फरशी पुसताना रोज बघते. प्रत्येक चाचणी कोठारात एक भलीमोठी फाइल टाकून जाते, ती कुणी काढतच नाही. कोठार गच्च भरलंय. खोलीत पाऊल ठेवायला जागा नसेल, तर मी तरी कशी पुसणार? एखादा कोपरा रिकामा लागतो, मग इकडचं सामान तिकडे करता येतं. थोडं काढून—"

"खबरदार!" महाराजांचा हात मिशांवर गेला. "या दरबारात कुणीही, काहीही पुसायचं नाही!"

"काहीच नाही?"

"काहीच नाही! इथे मला पुसल्याशिवाय पानही हलत नाही, ठाऊक आहे ना?"

महाराजांचं बोलणं जुन्या वळणाचं. विचारण्यालाही ते 'पुसणं'च म्हणत. कौतिकाने मान डोलावली.

"जशी आज्ञा!" म्हणून ती वळली आणि पायाचा धक्का लागून भरलेली बादली आडवी झाली. सिंहासनाभोवती तळंच झालं! प्रधान धावले ते बसूनच दाराशी पोचले. राजवैद्य त्यांना उचलायला गेले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

तेवढ्यात मुदपाकखान्यातून भरताचा खमंग वास आला. महाराजांनी जरीचा जोडा खाली टेकवला आणि चटकन वर घेतला.

"अगं, बघतेस काय? पूस!"

"कसं पुसू महाराज? हुकूम आहे. काहीही पुसायचं नाही."

"हुकूम मागे घेतला! पूस!"

"काय काय पुसू? कुठपर्यंत पुसू? कशाने—"

"भरीत गार होतंय!" महाराज पाय वर घेऊन किंचाळले. "मला पुसू नकोस! घाण दिसेल तिथली पूस!"

"ऐकलंत ना प्रधानजी?" कौतिकाने विचारलं.

"ऐकलं, ऐकलं!" प्रधान कंबर धरून कण्हले. "आता पूस एकदाची!"

कौतिकाने भराभरा फरशी कोरडी केली. महाराज जेवले, तिथेच लोडाला टेकून घोरू लागले. मग कौतिका भिवबाला म्हणाली, "बाळा, त्या चाचण्यांच्या फायली दाखव. मिशांना हात लावायचा नाही हं!" दोघांनी मिळून कचरा तेवढा काढला. लॅपटॉप चालूच ठेवला, पण त्याला कुणाला शिवू दिलं नाही. दुपारभर कोठार निवांत आपलं आतलं आवरत बसलं.

उन्हं कलली. महाराज उठले आणि डोळे चोळायच्याही आधी त्यांनी चाचणी घेतली.

आकडा टुणकन वर! खड्गराजाच्याही वर!

"शाब्बास!" महाराज नाचले आणि एकदम थबकले. "थांब. कोठार रिकामं कसं दिसतंय? तू पुसलंस?"

"पुसलं, महाराज."

"मला न पुसता?"

"तुम्हीच म्हणालात, 'मला पुसू नकोस, घाण दिसेल तिथली पूस.' म्हणून तुम्हाला पुसलं नाही आणि घाण पुसली. मिशा सगळ्या जागच्या जागी आहेत, मोजून घ्या! आणि महाराज, घोडा ताजा आहे का हे बघायला त्याला घटकेघटकेला दौडवलं, तर तो बसेलच ना?"

महाराज ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "पुसू नकोस... पूस... न पुसता पुसलं..." आणि त्यांना असं हसू फुटलं, असं फुटलं, की मुकुट नाकावर आला!

"भिवबाची वरात माझ्या हत्तीवरून निघेल!" ते डोळे टिपत म्हणाले. "आणि राज्यात चिटणीस आहे, फडणीस आहे. आजपासून कौतिका आमची पुसणीस! लॅपटॉप तिच्या ताब्यात!"

लगेच त्यांचा हात हळूच लॅपटॉपकडे सरकला.

"पुसणीसबाई, तुम्हाला पुसतो हं... एक, एकच चाचणी घेऊ का?"

"नको!" कौतिका म्हणाली आणि तिने लॅपटॉप उचलून काखेत मारला.