राहीच्या नावाचं कोरं पान

फार फार वर्षांपूर्वीची, वैनगंगेवर एकही पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सोनघाट गावात राही नावाची भोईण डोंगा चालवायची. नवरा तापानं गेला तेव्हा वल्हं तिच्या हातात आलं. ते तिनं असं धरलं, की पुराचं पाणीसुद्धा तिला विचारून पुढं जायचं, असं म्हणतात.

तिला एकच मुलगी होती, मैना, नऊ वर्षांची. डोंग्यात शिरलेलं पाणी भोपळ्याच्या अर्ध्या तुंबडीनं उपसणं हे मैनेचं काम. एका आश्विनात डोंगा भोवऱ्यात सापडला. राहीनं तो सावरला, सगळे उतारू वाचवले आणि मागं वळून पाहिलं, तर तुंबडी पाण्यावर लांब चालली होती. मैना नव्हती. तीन दिवस भोयांनी जाळी टाकली. मैना मिळाली नाही.

दहाव्या दिवशी राही तिळाचं पाणी सोडायला घाटावर आली. तिथं भानुभट पोथी घेऊन उभे होते. मेलेल्यांचं पुढं काय होतं, हे सांगणारी पंचक्रोशीत ती एकच पोथी.

"थांब राही," ते म्हणाले. "यात लिहिलंय, जो पाण्यात गेला आणि ज्याचा देह मिळाला नाही, त्याला गती नाही. त्याच्या नावानं पाणी सोडू नये. सोडलं तर गावाचे सगळे पितर तहानलेले राहतील."

"भटजीबुवा, लेकरू आहे हो ते माझं. एक ओंजळ फक्त."

"मी कुठं नाही म्हणतोय? पोथी नाही म्हणते."

राहीनं घाटावर जमलेल्या गावाकडं पाहिलं. प्रत्येकाचं कुणी ना कुणी वर गेलेलं होतं. तिचा नवरा आणि तिची आईही त्या पितरांतच होती. राहीनं बोटं सैल केली. तीळ पायरीवर सांडले. ते पान पुन्हा वाचून बघा, एवढंसुद्धा गावातला एकही माणूस म्हणाला नाही.

त्या दिवसापासून राही नदीवर असताना पाणी प्यायली नाही. चैत्रातल्या उन्हात ओठ फुटायचे, तरी नाही. "माझी मैना खाली तहानलेली आहे," म्हणायची, "मी वर बसून कशी पिऊ?"

डोंग्यात बसेल त्याला मात्र ती एक प्रश्न विचारायची. मेलेलं माणूस कुठं जातं?

एक फकीर म्हणाला, "बेटी, मातीत झोपतं. शेवटच्या दिवशी हाक येईल, तेव्हा उठेल."

"माझ्या पोरीला मातीच मिळाली नाही, बाबा," राही म्हणाली.

जंगलातून मोहफुलं घेऊन येणारी गोंड म्हातारी हसली. "कुठं जाईल माय? आमचं माणूस मेलं का घरीच येतं. चुलीमागं बसतं. तू चूल तरी पेटवतेस का वेळेवर?" राहीनं त्या संध्याकाळी चूल पेटवली आणि दोन ताटं घेतली. दुसऱ्या ताटातला भात तसाच राहिला.

डोकं भादरलेला एक साधू म्हणाला, पोरीनं केव्हाच दुसरा जन्म घेतला असेल. मग राही महिनाभर घाटावर येणारी प्रत्येक तान्ही पोर उचलून तिच्या डोळ्यांत बघत राहिली. बाया पदराखाली मुलं लपवू लागल्या.

"इतक्या वाटा सांगता," राही म्हणायची, "आणि त्या वाटेनं परत आलेला एकही उतारू माझ्या डोंग्यात कसा बसत नाही?"

अशी सतरा वर्षं गेली.

मग एका आश्विनात एक म्हातारा घाटावर आला. डोळे जवळजवळ गेलेले, बोटं शाईनं कायमची काळी झालेली. तो नागेश लेखक होता. गावोगाव पोथ्या उतरवून देण्यात त्याचा जन्म गेला होता. राहीनं प्रश्न विचारला आणि आपल्या मैनेची हकिकत सांगितली. पोथीतलं ते वाक्य तिनं जसंच्या तसं म्हटलं. ते संपायच्या आतच म्हातारा पुढचे शब्द बोलू लागला.

"बाई, ते पान माझं आहे."

"तुम्ही उतरवलंत?"

"उतरवलं नाही. रचलं. मूळ पोथी घेऊन मी हीच नदी ओलांडत होतो. पाणी आत आलं आणि एक पान विरघळून गेलं. दसऱ्याला पोथी द्यायची होती. मी वीस वर्षांचा होतो. माझा भाऊ बुडून गेला होता, आणि आई रोज त्याला पाणी द्यायला नदीवर जायची. एक दिवस तीही नदीत गेली. म्हटलं, असं काही लिहावं, की पुन्हा कुठली आई अशी नदीवर जाणार नाही."

राहीनं त्याचा हात धरला आणि त्याला भानुभटांच्या दारी नेलं. म्हाताऱ्यानं पोथी न उघडता ते सगळं पान म्हणून दाखवलं.

भानुभट पांढरे पडले, पण म्हणाले, "हात तुझा असेल. लिहून घेतलं देवानं."

"नाही हो," नागेश म्हणाला. "लिहून घेतलं भीतीनं."

राही तिथं वाद घालायला थांबली नाही. भर दुपारी तिनं डोंगा मधल्या धारेत नेला आणि ओंजळी सोडू लागली. सतरा वर्षांच्या सगळ्या राहिलेल्या ओंजळी. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, तो घाटावर बसून नुसता आवाज ऐकत होता. ऊन उतरलं तरी आवाज चालूच होता. नदी वाहायची थांबली, असं म्हणतात. आणि खालच्या अंगानं, धारेच्या उलट, भोपळ्याची अर्धी तुंबडी डोंग्याकडं येताना कितीकांनी पाहिली. राहीनं ती उचलली, भरली आणि घटाघटा प्यायली.

मग आवाज थांबला.

डोंगा आपोआप घाटाला लागला. त्यात वल्हं होतं, राही नव्हती. भोयांनी पुन्हा तीन दिवस जाळी टाकली. राहीही मिळाली नाही.

दहाव्या दिवशी सगळा गाव घाटावर जमला. पोथीप्रमाणं राहीलाही पाणी नव्हतं. सगळ्यांनी भानुभटांकडं पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, पण 'पोथी नाही म्हणते' हे शब्द काही केल्या बाहेर येईनात. ते धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पहिली ओंजळ मैनेच्या नावानं सोडली, दुसरी राहीच्या. त्या संध्याकाळी गावातला एकेक रिकामा तांब्या काठोकाठ भरलेला सापडला, असं म्हणतात. तहानलेलं कुणीच राहिलं नव्हतं.

गावानं ते पान काढून टाकलं. लोक नागेशला म्हणाले, आता मेल्यावर खरं काय होतं ते लिही. म्हातारा म्हणाला, "मला माहीत नाही." आणि त्यानं तिथं एक कोरं पान शिवलं.

आज सोनघाटला पूल आहे, डोंगा नाही. पण त्या गावात पोथी कुठलीही असो, कुणाचीही असो, मधे राहीच्या नावाचं एक कोरं पान असतंच. मेलेल्या माणसाच्या घरी वाचणारा तिथवर आला की थांबतो. कोण कुठं गेलं, हे त्या वेळी कुणी कुणाला सांगत नाही. घरातली सगळ्यांत लहान पोर उठते, ओंजळभर पाणी अंगणात सोडते, आणि त्या पाण्याचा आवाज पुरता थांबेपर्यंत पान उलटत नाहीत.