सड्यावरची तिसरी सोनकी

एका राज्यात एक साधा दिवस चालला होता. मुदपाकखान्यात दूध तापत होते, चौकात धान्याला ऊन दिलेले होते, आणि राणी चंद्रसेना प्रधानाशी कालव्याच्या दुरुस्तीविषयी बोलत होती. सकाळी राजकन्या मेखला फणी घेऊन तिच्यापुढे येऊन बसली होती.

"आईसाहेब, वेणी."

"दासीला सांग."

"ती केस ओढते."

"मग आल्यावर मी घालते. आता जा."

मेखला केस मोकळे सोडून मैत्रिणींसह घोड्यावरून गेली. दुपारी घोडे परतले. एका घोड्याची पाठ रिकामी होती.

राज्याच्या सीमेपलीकडे एक सडा होता, उघडा खडकाळ माळ. तो एका मांत्रिकाचा. पावसाळा सरता सरता तो सोनकीच्या फुलांनी पिवळा होई. मुलींनी त्या फुलांतून घोडे दौडवले होते, आणि सर्वांत पुढे असलेल्या मेखलेला मांत्रिकाने सोनकीचे रोप करून टाकले होते.

राणी पायी सड्यावर गेली. मांत्रिक खडकावर बसला होता.

"माझी मुलगी द्या."

"घेऊन जा. इथंच आहे."

"यातली कोणती?"

"मीही तिला हेच विचारलं, यातली कोणती तुडवलीस? ती म्हणाली, सगळी सारखीच तर आहेत. राणी, या सड्यावर सोनकीच्या तीन जाती आहेत. तिसऱ्या जातीचं रोप एकच, ते तुझी मुलगी. तीनदा खुडून बघ. खरं रोप खुडलंस तर ती उठून उभी राहील. तोवर तुझ्या राज्यात कणसात दाणा भरणार नाही. तिन्ही वेळा चुकलीस, तर कधीच भरणार नाही."

"आणि तोवर फुलं सरली तर?"

"सरल्यावर ओळखलंस तरी राज्याचा शाप सुटेल. मुलगी मात्र फुलात आहे तोवरच तुझी."

एवढे बोलून मांत्रिक खडकात शिरला आणि खडक मिटला.

राणी हाका मारीत हिंडली. वारा नसताना एक रोप हलले. "आईला कळतं," असे म्हणून तिने ते खुडले. फूल तिच्या हातात काळे पडले.

दगडावर बसलेला चंडोल पक्षी हसला. "बाई, देठावर मुंगळा चढत होता."

मग राणीने फुलांच्या पाकळ्या मोजल्या. मेखलेच्या वयाइतक्या पाकळ्यांचे एक फूल सापडले, तेव्हा तिला रडू आले. तिने ते खुडले. तेही काळे पडले.

"त्याच रोपावर शेजारचं फूल होतं," चंडोल म्हणाला. "त्याला दोन पाकळ्या कमी. ते नाही वाटतं मोजलंस?"

"हसून झालं असेल तर शिकव."

"तू तोंड बघतेस. तोंडं सगळ्यांची एकच. पान उलटून बघ."

राणी गुडघ्यांवर बसली. एका जातीच्या पानाखाली पांढरी लव होती. ती रोपे तिने सोडून दिली. दुसऱ्या जातीची पाने बिनदेठाची, खोडाला मिठी मारून बसलेली, तीही सोडली. वाकून वाकून तिला कळले की जिला आपण पाकळी म्हणतो ती एकेक पाकळी वेगळे फूल आहे आणि मधली पिवळी टिकली ही बारीक फुलांची दाटी आहे. अशी कितीतरी फुले तिने नुसती केसात माळली होती.

प्रधान यशोधर सड्यावर आला. त्याने एक कणीस तिच्यापुढे ठेवले. ते पोकळ होते.

"लोक काय म्हणतात?" राणीने विचारले.

"राणीसरकार, लोक म्हणतात, मुली आमच्याही आहेत."

राणी पुन्हा पाने उलटू लागली.

शेवटी एका खडकाच्या सावलीत दोन रोपे उरली. दोघांची पाने गुळगुळीत, दोघांच्या पानांना देठ.

"एक दुसऱ्या जातीचंच आहे," चंडोल म्हणाला. "सावलीत वाढलं म्हणून त्याच्या पानांना देठ आले. दुसरं तुझं."

"फरक कशात?"

"बियांत. त्या जातीचं बी बोडकं. तिसरीच्या बीला केस."

"बी केव्हा धरेल?"

चंडोल पहिल्यांदाच हळू बोलला. "फूल गेल्यावर."

राणीचा हात एका रोपाकडे गेला, तेथून दुसऱ्याकडे. प्रधानाने मान वळवली. त्याच्या हातात ते पोकळ कणीस होते. राणीने हात मागे घेतला.

"प्रधानजी, पाणी आणा."

तिने दोन्ही रोपांना पाणी घातले आणि मध्ये बसून राहिली. दोन्ही फुले एकाच दिवशी सुकली. पाकळ्या गळाल्या, बोंडे उकलली. एकातले बी काळे, बोडके होते. दुसऱ्यातल्या प्रत्येक बीला पांढरे, लांब, मोकळे केस होते.

"ही," राणी म्हणाली.

खडक उघडला. मांत्रिक म्हणाला, "ओळखलंस." त्याच क्षणी खाली शिवारात कणसे भरली, माणसांचा आनंदाचा ओरडा सड्यावर ऐकू आला.

"फुलात असताना ओळखता आलं नाही मला."

"कोणालाच आलं नसतं."

"मग ती अट कशाला घातलीत?"

वारा सुटला आणि बिया उडाल्या.

त्या वर्षी राज्यात धान्य चांगले झाले. कालवा दुरुस्त झाला. सड्यावरून घोडे नेऊ नयेत असा हुकूम निघाला आणि तो पाळलाही गेला. पुढच्या भादव्यात सड्यावर तिसऱ्या जातीची पुष्कळ सोनकी फुलली. राणीला ती आता दुरूनही ओळखता येई.

फणी कोनाड्यात होती. मेखलेची वेणी घालायची राहिली.